फाटकावर दिलेलं उत्तर

माझ्या वहीत वडिलांच्या साखरेचे अठरा वर्षांचे आकडे आहेत. उपाशीपोटीची डावीकडे, जेवणानंतरची उजवीकडे. वही कपाटात साड्यांखाली असायची. मुलीसाठी स्थळं बघत होतो, आणि घराण्यात शुगर आहे म्हटलं की आमच्यात बोलणी चहाच्या कपाबरोबरच आटोपतात.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आणि वडील एकाच दिवशी पॉझिटिव्ह निघालो. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत आरोग्य केंद्राच्या आशाताई रजिस्टर घेऊन फाटकाशी आल्या. समोरच्या गॅलरीत, ज्या मुलाशी बोलणी चालली होती त्याची मावशी कपडे वाळत घालत होती.

"बाबांचं वय?"

"शहात्तर."

"शुगर, बीपी, दमा?"

खिडकीतून वडील माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "काही नाही."

"नशीबवान आहात. राहा मग घरीच."

चौथ्या दिवशी मी भाकरी मागून खाल्ली. वडिलांचा ऑक्सिजन शहाण्णव, चौऱ्याण्णव, मग एक्क्याण्णव.

"बाबा, मला बरं वाटतंय, तुम्हाला का नाही?"

"तू पंचवीस वर्षांनी लहान आहेस, शहाण्या. अन् तुला शुगर नाही," ते दम खात म्हणाले. "दवाखाना नको. पोरीचं ठरू दे आधी."

मी आणखी एक दिवस थांबलो. सहाव्या दिवशी आशाताई दिसताच फाटकाकडे धावलो आणि ओरडून सांगितलं, शुगर आहे, अठरा वर्षांपासून. गॅलरीत मावशी होतीच.

आशाताईंनी पेन खाली केलं. "दादा, शुगर असलेलं एवढं वयस्कर माणूस आम्ही पहिल्याच दिवशी भरतीला पाठवलं असतं."

त्याच दुपारी वडिलांना भरती केलं. अकराव्या दिवशी ते गेले.

पुढे मावशी भेटायला आली. "वय झालं होतं हो," ती म्हणाली. मग पदर सावरत, "आणि शुगर काय, आमच्याकडे तिघांना आहे. त्यात लपवायचं काय?"

ती गेल्यावर मी वही काढली. शेवटचा आकडा तीनशे अठ्ठेचाळीस, भरतीच्या सकाळचा. ते गेले त्या रात्री त्याच्याखाली मी रेघ मारली होती, हिशेब मिटवावा तशी, पट्टी लावून, अगदी सरळ. त्या सरळ रेघेची मला आजही किळस येते.