चंदगडच्या पेटीचा एकच सभासद

इंगवले मॅडमनी माझ्यापुढं दोन पुस्तकं ठेवली. एक उसाच्या खतांचं, दुसरं लोणच्या-पापडांचं. दोन्हींच्या आतल्या पानावर नंबर एकच, चार हजार दोनशे सतरा.

"मामा, आता यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही खरी की," मी म्हणालो.

ज्यांनी वाचनालयात कधी काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवं पुस्तक आलं की ते एका जाड रजिस्टरात चढतं. त्याला मिळतो तो दाखल नंबर. हा नंबर पुस्तकाला जन्मभर चिकटतो. आता आमच्या गावात वाचनालयं दोन. एक शहराचं, एक जिल्ह्याचं. दोघांनीही आपापल्या रजिस्टरात एकपासून मोजायला सुरुवात केलेली. इतकी वर्षं त्याचा कुणाला त्रास नव्हता. पण दोन्ही संस्था एक करायचं ठरलं, आणि कॉम्प्युटर म्हणायला लागला, एका नंबराचं पुस्तक एकच पाहिजे. मॅडम शहराच्या ग्रंथपाल. त्यांनी बेत काढला की आमच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सगळ्या पुस्तकांना नवे नंबर द्यायचे. म्हणजे एकेक पुस्तक काढा, जुना नंबर खोडा, नवा घाला. मी हिशेब केला. माझी रिटायरमेंट आधी आली असती.

मी म्हणालो, "मॅडम, आम्ही ऱ्हातो त्या बावड्यात दोन शंकर पाटील हायत. आम्ही कुणाचं नाव बदललं न्हाय. एक वरच्या गल्लीतला, एक मळ्यातला. तुमच्या नंबराआधी 'श' लिवा, आमच्याआधी 'जि' लिवा. झालं."

मॅडमनी लगेच टाइप करून बघितलं. बसलं.

त्या दिवसापासून काही अडलं की "मामांना विचारा" सुरू झालं. मी चौथी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, शिपाई म्हणूनच रिटायर झालो. मधली अडतीस वर्षं पुस्तकं लावली, पुसली, चिकटवली. पदवीधर माणसं माझं ऐकायला लागली तशी माझी मान ताठ झाली. ताठ मानेचं एक असतं, पायाखालचं दिसत नाही.

एकत्र करण्यासाठी दोन्हीकडच्या पंचांची एक समिती होती. अध्यक्ष देशमाने सर, रिटायर प्रिन्सिपॉल, शिस्तीचे. पहिल्याच मीटिंगला त्यांनी सांगितलं की पर्मनंट माणसाला हात लावणार नाही, आणि वाचकाची चालू सेवा बंद करणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर ते पुढं म्हणाले की जी सेवा कुणी वापरतच नाही, तिला सेवा म्हणायचं काही कारण नाही. त्यावर टाळ्या नव्हत्या.

आठवड्यानं लिस्ट लागली. कुठल्या सेवेला किती सभासद ते कॉम्प्युटरनं काढलं होतं. बायकांचा काउंटर, पोरांची अभ्यासिका, पेपरचा हॉल, सगळ्यांपुढं चांगले आकडे. सगळ्यात खाली, चंदगड पेटी. सभासद : १. शेरा : बंद करावी.

पेटी म्हणजे खरीच पेटी, पत्र्याची, कुलूप लावायची. तिच्यात चाळीस पुस्तकं बसतात. चंदगडच्या आडबाजूला एक वाडी आहे. तिथं पाऊस असा की वर्षातले चार महिने माणूस घरातच. तिथं ना वाचनालय, ना पुस्तकाचं दुकान. तर महिन्याला आम्ही एक पेटी एसटीनं धाडायची, आणि आधीची परत यायची. वाडीत गावडे म्हणून शिंपी आहे, त्याच्या दुकानात ती उतरते. बाहेर पुस्तक द्यायचं तर कुणाच्या तरी कार्डावर द्यायला लागतं. सुरुवातीला गावडेचं कार्ड काढलं आणि चाळीसच्या चाळीस पुस्तकं त्याच कार्डावर जात राहिली. कॉम्प्युटरला वाडी दिसत नाही. त्याला दिसला एक शिंपी.

ही पेटी भरायची आमची शोभा कांबळे. अकरा वर्षं टेम्पररी. कुठल्या पुस्तकाला वाडीत मागणी आहे ते तिला तोंडपाठ. पेटी बंद म्हणजे तिची पोस्ट बंद, कारण तिच्या ऑर्डरीवर तेवढंच एक काम लिहिलेलं. बाकीची दहा कामं ती करायची ती आम्ही सांगायचो म्हणून, त्यांचा कागद कुठंच नव्हता. घरी दोन पोरी शिकणाऱ्या.

तिनं लिस्ट वाचली आणि शांतपणे पुढची पेटी भरायला बसली.

मी थेट सरांकडं गेलो. म्हणालो, निम्मी वाडी वाचते. सर म्हणाले, असेलही, पण दाखवा. एका शिंप्यासाठी महिन्याला पेटी पाठवतो असं मी कुठल्या तोंडानं लिहू? माणूस वाईट नव्हता. त्यांना कागद पाहिजे होता. शुक्रवारच्या मीटिंगपर्यंत मुदत दिली.

मी लगेच गावडेला फोन लावला.

"गावडे, वाचणाऱ्यांची नावं लिवलेली वही हाय काय?"

"वही? पावणं, मी शिंपी हाय, तलाठी न्हवं. ज्याला पायजे तो नेतो, वाचून आणतो."

"मग किती जण वाचत्यात ते कळायचं कसं?"

"पान एकवीस बघा की. वाचून झालं की जो तो आपली खूण करतो तिथं. कोण फुली काढायचं, कोण गोल, कोण तुळस. तुम्हास्नी तर म्हाईत हाय की."

मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ही वाचकांची जुनी खोड. वर्षा-दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा हातात येतं. आपण हे वाचलंय का, हे पटकन कळावं म्हणून एका ठरलेल्या पानावर पेन्सिलीनं बारीक खूण करायची. आणि माझा नियम असा की वाचनालयाच्या पुस्तकात कुणी काही लिहायचं नाही. पेटी परत आली की मी खोडरबर घेऊन बसायचो. चाळीस पुस्तकं, पान एकवीस, सगळं साफ. एकदा गावडेनं तक्रारही केलेली, की तुम्ही पुसता म्हणून लोक तेच पुस्तक दोनदा नेतात आणि निम्म्यात गेल्यावर कपाळाला हात लावतात. मी त्याला सुनावलं होतं की मग ध्यान देऊन वाचा.

फोन ठेवला आणि कपाटातली पेटीची पुस्तकं काढली. पान एकवीस उजेडात धरलं, तिरकं धरलं, भिंग लावलं. काही नाही. मी काम करतो ते चोख करतो.

शोभा बघत होती. म्हणाली, "मामा, सध्या वाडीत हाय ती पेटी शुक्रवारी सकाळी येणार. त्यातली तुम्ही अजून पुसली न्हाईत."

पण त्या पेटीत मी एक गोष्ट केली होती, आणि ती तिला माहीत नव्हती. पेटी धाडताना मी झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्या हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता : 'पुस्तकात खूण करणाऱ्या गावाची पेटी कायमची बंद होईल.' खाली वाचनालयाचा शिक्का. शिक्का मारायचा मला अधिकार नव्हता. पण शिक्का मारला की लोक ऐकतात.

तिला तिथंच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. दोन दिवस मी देवाकडं एकच मागत होतो, की वाडीतल्या लोकांनी माझं ऐकलेलं नसू दे.

शुक्रवारी सकाळी स्टँडवर गेलो. कंडक्टरनं पेटी खाली दिली. झाकण नीट बसलेलं नव्हतं, कुलूप लागत नाही म्हणून वरून सुतळी आवळलेली. चंदगडच्या पावसात भिजून पुस्तकं फुगली असणार. पुरावा म्हणून राहिलेलं तेवढंही गेलं. वेळ नव्हता. रिक्षात घातली आणि तशीच मीटिंगच्या टेबलावर नेऊन ठेवली.

सर म्हणाले, "हा पुरावा?"

शोभानं सुतळी सोडली. झाकण उघडलं. आतल्या बाजूला माझा कागद सगळ्यांना दिसला, शिक्क्यासकट. शोभानं तो वाचला. मग माझ्याकडं एकदा बघितलं. त्या कागदाखाली शिंप्याच्या खडूनं लिहिलेलं होतं : 'पुस्तकात कुणीबी लिवलेलं न्हाय. तपासून घ्या.'

मी पहिलं पुस्तक उचललं. कोरडं ठणठणीत. पण बोटभर फुगलेलं. पान एकवीस उघडलं तर आतून कापडाचे तुकडे टेबलावर सांडले. नखाएवढे, बोटाएवढे. लाल, पिवळे, चौकड्याचे, फुलांचे.

दुसरं पुस्तक उघडलं, त्यातही तसेच. तिसऱ्यात तर इतके की पान वीस आणि एकवीसच्या मध्ये गादी झालेली.

लिहायची बंदी झाली म्हणून वाडीनं रस्ता काढला होता. पुस्तकं शिंप्याच्या दुकानात, चिंध्यांना तोटा नाही. प्रत्येकानं आपापल्या कापडाचा तुकडा धरला आणि वाचून झालं की तो पान एकवीसवर ठेवला. नियमात कापडाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

इंगवले मॅडम हसायला लागल्या. देशमाने सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि तुकडे रंगाप्रमाणे लावायला सांगितले. प्रिन्सिपॉल माणूस. आम्ही सगळे पंच-बिंच मिळून चिंध्या निवडत बसलो. सत्तावीस वेगवेगळी कापडं निघाली.

सर म्हणाले, "एकट्या शिंप्यानंच घातली नसतील कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. शोभानं गावडेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सरांनी ढिगातून मनाला येईल तो तुकडा उचलला.

"निळा. पांढरी रेघ."

"शाळेचा युनिफॉर्म. गुरवाची पोरगी, नववीला हाय. रडायची पुस्तकं पैली तीच नेती."

"हिरवा. जरीचा काठ."

"ती आमची म्हातारी अव्वा. तिला वाचाया येत न्हाय, सून वाचून दावती. पर खूण अव्वाचीच पायजे, न्हायतर दोघींचं भांडण."

"खाकी."

पलीकडं गावडेनं आवाज खाली केला.

"ते तुमच्या एसटीचा कंडक्टर. प्यांट आखूड करून घेतली माझ्याकडं. पेटी आणताना जेवायच्या सुट्टीत एक काढतो. त्याचं नाव कुठं घालू नका, सायेब."

आता सरसुद्धा हसले. त्यांनी आणखी चार-पाच तुकडे विचारले. गावडे एकाही कापडाला अडला नाही. शिंपी एकदा कापलेलं कापड विसरत नसतो.

मग सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पण इतकी वर्षं हे लोक पेन्सिलीनं खूण करत होते म्हणता. मग जुन्या पुस्तकांत एकही खूण कशी नाही?"

शोभाला आता सगळं माहीत होतं. तिची नोकरी टेबलावर होती, एक वाक्य बोलली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. ती तुकडे निवडत राहिली. मान वर केली नाही.

मी आयुष्यात वरिष्ठांपुढं चूक कबूल केलेली नव्हती. चूक नसायचीच, असं माझं मत. पण त्या बाईच्या गप्प बसण्यानं मला बसवेना.

"मी पुसल्या," मी म्हणालो. "इतकी वर्षं. आणि ह्यो कागदबी माझाच. शिक्का मला कुणी दिलेला न्हवता."

सरांनी झाकणावरचा कागद पुन्हा वाचला. मग एवढंच म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

पेटी राहिली. मॅडमनी मुद्दा मांडला की एक कार्ड, चाळीस पुस्तकं ही पद्धतच चुकीची, ज्याचं त्याचं कार्ड काढा. शोभा दोन दिवस वाडीत जाऊन राहिली आणि सगळ्यांचे फॉर्म भरून आणले. पुढच्या लिस्टमध्ये चंदगड पेटीपुढं सव्वीस सभासद होते. खाकी कापड आम्ही मोजलं नाही. एक झालेल्या संस्थेच्या माणसांच्या यादीत शोभाचं नाव चढलं, आणि ऑर्डरीवर तिची बाकीची दहा कामंही एकदाची लिहिली गेली. पर्मनंट व्हायला तिला आणखी दीड वर्ष लागलं, पण झाली.

ती महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एके दिवशी माझ्या टेबलावरचं खोडरबर उचलून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "पोरींना लागतंय, मामा."

नव्या नियमावलीत आता एक ओळ आहे, ती मीच सुचवली. पान एकवीसवर पेन्सिलीनं बारीक खूण चालेल. वाडीनं ती ओळ वाचली आणि मानली नाही. चिंध्या अजून येतात. सवय लागली म्हणतात, आणि पेन्सिलीपेक्षा कापड लवकर सापडतं.

मी रिटायर झालो तेव्हा भाषणात सगळे म्हणाले, मामांच्या हातचं पुस्तक नेहमी कोरं असायचं. मी मान डोलावली. कोरं पुस्तक म्हणजे एक तर नवीन, नाहीतर कुणी न वाचलेलं, नाहीतर माझ्यासारख्या शहाण्यानं पुसलेलं, हे त्यांना कोण सांगणार.