उसनी चूक

"माझं कधी काही चुकत नाही." हे म्हणताना ती कमरेच्या पट्ट्यात अंगठा खुपसायची आणि हनुवटी वर करायची. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हॉस्पिटलात, आमच्या वॉर्डात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढेपुढे नुसता अंगठा दिसला तरी माझं डोकं फिरायचं. तुमच्याही कामाच्या जागी अशी एखादी बाई असेलच. नसेल तर सुखी आहात.

मी मुंबईहून नर्स म्हणून तिथे रुजू झाले तेव्हा ती तीस वर्षं मुरलेली होती. वऱ्हाडातली, मराठी बोलणारी. मला केवढा आनंद झाला होता! पहिल्या आठवड्यातच तो मावळला.

ती एनरोल्ड नर्स होती. म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण, खालची पायरी, हिरवा पट्टा. तीन वर्षं शिकून रजिस्टर्ड झालेल्यांना निळा पट्टा, आणि वॉर्डची सूत्रंही त्यांच्याचकडे. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, पण तिला वाटायची. म्हणून भर जुलैतही ती पट्ट्यावरून कार्डिगन घालून घामाघूम फिरायची. इथे 'सिस्टर' म्हणजे वॉर्डची प्रमुख; पेशंटचे नातेवाईक तसं म्हणाले की मान डोलावायची. महाराष्ट्र मंडळात तर तिने स्वतःला परस्पर मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची मुख्य, करून टाकलं होतं. तिथली भाबडी मंडळी 'मेट्रनबाई, जरा माझा गुडघा बघा ना' म्हणत तिच्यामागे असायची, आणि ती बघायचीही.

मी नवीन असताना एका आजींनी मला हळूच सांगितलं, "आय नीड टू स्पेंड अ पेनी." इथल्या जुन्या बायका लघवीला जायचं असं आडून सांगतात, हे मला मुंबईत कोण शिकवणार? मी प्रेमाने म्हटलं, दुकान आता बंद झालंय, उद्या जा. व्हायचं ते बिछान्यात झालं. बाईने ही गोष्ट अख्ख्या मजल्याला सांगितली, माझ्यादेखत, आजींच्या आणि माझ्या आवाजासकट. पुढची कित्येक वर्षं सांगितली.

तर या बाईने निवृत्ती जवळ आली असताना रजिस्टर्ड होण्यासाठी युनिव्हर्सिटीत नाव घातलं. मग काय विचारता! जेवणाच्या डब्याआधी 'माय युनिव्हर्सिटी' टेबलावर यायची. युनिव्हर्सिटीही धन्य. मरणाऱ्या माणसाचा हात कसा धरायचा, हे हिच्या मुलीच्या वयाची ट्यूटर पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायची. बाई अख्खा कोर्स पार करत गेली आणि शेवटच्या निबंधाला अडली. विषय होता: तुमच्या हातून झालेली एक चूक, ती का झाली, आणि तुम्ही त्यातून काय शिकलात.

पहिल्यांदा तिने एका डॉक्टरची चूक लिहिली. नापास.

मग कँटीनमध्ये मला गाठलं. "अगं, तुझी एखादी चूक दे ना. तुझ्याकडे पुष्कळ असतील."

"पेनीवाली घ्या," मी म्हटलं. "नाहीतरी तुम्हीच वापरता."

टोमणा तिच्या डोक्यावरून गेला. तिने खरंच ती स्वतःच्या नावावर लिहिली! ट्यूटरने बोलावून सुनावलं, तुम्ही चाळीस वर्षं इथे आहात, हे तुमचं वाटत नाही. पुन्हा नापास. आता एकच संधी उरली होती. ती गेली की कोर्समधून बाहेर, आणि निवृत्त होईपर्यंत हिरवा पट्टा.

त्या आठवड्यात ती माझ्यासमोर सूप गार करत बसली होती. मला खरं सांगायचं तर मजा वाटत होती.

"अहो बाई, अख्ख्या आयुष्यात एक चूक नाही? कमाल आहे."

अंगठा पट्ट्यात गेला, पण नेहमीचं वाक्य आलं नाही.

"मी टू म्हटलं," ती म्हणाली.

"काय टू?"

"नर्सिंग शिकायला इथे आले ना, तेव्हा ऑफिसातल्या मॅडमने विचारलं, टू इयर्स ऑर थ्री? बस, एवढंच. फरक तिने सांगितला नाही, मी विचारला नाही. अडाणी वाटले असते. म्हटलं, दोनात होतंय तर तीन कशाला? लवकर नर्स होईन, लवकर घरी जाईन. आई वाट बघत होती."

"मग गेला का नाहीत?"

"दोन वर्षांचं सर्टिफिकेट तिकडे चालत नाही म्हणाले. आणि मी घरी कळवून बसलेले, तुमची मुलगी हुशार, वर्षभर आधीच पास झाली! आईने पेढे वाटले गं. कोणत्या तोंडाने जाऊ? ती गेली तेव्हाही मी इथेच."

मला तिची कणव आली. ती यावी अशी माझी अजिबात इच्छा नव्हती.

"हेच लिहा," मी म्हटलं.

"हे?" ती उसळली. "ही काय नर्सिंगची चूक आहे? आणि मंडळात कुणाला बोललीस तर बघ!"

पण लिहिलं तिने तेच, आणि पास झाली. पेढे द्यायला आली तेव्हा म्हणते कशी, "बघ, माझं काही चुकत नाही."

निळा पट्टा जानेवारीत मिळाला. बाहेर बर्फ, वॉर्डातलं हीटिंग बिघडलेलं, आणि बाई कार्डिगनशिवाय! दात वाजत होते, पण पट्टा दिसला पाहिजे. एवढं सोसलेलं माणूस जरा नरम होईल असं मला वाटलं होतं. कसलं काय! उरलेल्या एका एनरोल्ड नर्सला ती 'दोन वर्षंवाली' म्हणायला लागली. त्या दिवशी माझी कणव पार आटली.

वर्षभराने ती निवृत्त होऊन कायमची भारतात निघाली. मंडळाने बेलग्रेव्ह रोडजवळच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. 'आपल्या लाडक्या मेट्रनबाई' वगैरे झालं. मी दुसऱ्या रांगेत बसून सगळं गिळत होते. बाई माइकपाशी आली.

"मी एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली. "त्यांनी मला विचारलं, टू इयर्स ऑर थ्री?"

मी सावरून बसले. वाटलं, जाता जाता तरी खरं बोलणार.

"मी ताठ मानेने म्हटलं, थ्री!"

टाळ्या पडल्या. निर्लज्ज बाई! उठून सगळ्यांना सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिने मला पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला.

"आणि आईला कळवलं," ती म्हणाली, "एक वर्ष जास्त लागेल गं. पण मग मी येतेच."

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. तिने हनुवटी वर केली. अंगठा सवयीने कमरेकडे गेला, पण तिथे पट्टा नव्हता, नवी पैठणी होती. अंगठा रेशमावरून घसरला, पुन्हा वर गेला, पुन्हा घसरला. मी टाळ्या वाजवत राहिले.