बर्फात नेलेला तुकडा

उभ्या रत्नागिरीतले प्रश्न एक दिवस संपणार आहेत, आणि ते सगळे आमच्या समोरच्या डॉक्टरीणकाकूंनी एकट्यांनी वापरलेले असणार. अर्धं आयुष्य त्यांनी आफ्रिकेतल्या एका इस्पितळात बायकांच्या स्तनातल्या गाठी तपासण्यात घालवलं. आता निवृत्तीनंतर आम्हाला तपासतात. रिक्षात बसल्या की रिक्षावाल्याला विचारणार, "खोकला कधीपासून?" मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात पापलेटाचे कल्ले उघडून, "पकडलं कधी? बर्फात कधी घातलं? मधे उन्हात होतं का?" मासेवाली वैतागून म्हणाली, "बाय, खायचाय की लगीन लावायचाय त्याच्याशी?" तर काकू तितक्याच गंभीरपणे, "का, तुमच्यात माशाची पत्रिका बघतात?"

माझ्या वहिनीच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली आणि घरातलं हसणंच बंद झालं. मग गाठीचा तुकडा मुंबईला पाठवला होता त्याचा पुढचा रिपोर्ट आला, त्यात पेशींच्या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह. करोनापासून आमच्याकडे निगेटिव्ह म्हणजे सुटलो! दादा, माझा थोरला भाऊ, मासळीचा व्यापारी, वहिनीला घेऊन पेढ्यांसकट काकूंकडे धावला, मागोमाग मी. काकूंनी आधी पेढा खाल्ला, मग रिपोर्ट वाचला आणि उचललेला दुसरा पेढा परत ठेवला. "अरे, हे निगेटिव्ह चांगलं नव्हे. गाठीच्या पेशींना हार्मोनचं दार असलं तर गोळीने त्याला कडी घालता येते. इथे दारच नाही म्हणतायत. गोळी काय करणार?" वहिनीने पेढ्यांचा पुडा मिटला. "माझी पोर अजून शाळेत जाते हो, काकू," एवढंच म्हणाली.

पण काकूंचे प्रश्न थांबतात कुठले! गाठ भराभर वाढली का? नाही, हळूहळू. मोठी आहे? नाही, सुपारीएवढी. "मला पटत नाही," काकू पुटपुटल्या. "तुकडा मुंबईला नेला कोणी?"

"मीच की!" दादाची छाती फुगली. "बाटलीत इथल्या इस्पितळवाल्यांनी चक्क फॉर्मालिन घातलेलं, काकू! वासावरून ओळखलं. शिळी मासळी ताजी दाखवायला लबाड लोक घालतात तेच. दिलं ओतून. तुकडा स्वच्छ धुतला, बर्फात घातला, फडफडीत ताजा पोचवला!"

काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मेल्या, तो काय तळायचा होता? फॉर्मालिनशिवाय ती दारंच नासतात, मग नाहीत असं दिसतं!"

तुकडा पुन्हा काढला. या वेळी बाटली मांडीवर घेऊन काकू स्वतः मुंबईला गेल्या. दादाला वासही घेऊ दिला नाही. हार्मोन पॉझिटिव्ह! कॅन्सरचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून पेढे वाटणारं आमचं एकमेव घर असावं.

काकूंनी मात्र पेढा नुसता हातात धरला. "तिथे आफ्रिकेत बाटल्या लांबच्या गावांहून उन्हातान्हातून यायच्या. तिकडच्या बायकांच्या गाठी निगेटिव्हच असतात, असं सगळे म्हणायचे. मीही तसंच लिहीत गेले. बाटली कशी आली, हे विचारलंच नाही गो. विचारायला लागले, तशा त्यातल्या कितीतरी पॉझिटिव्ह निघायला लागल्या. आधीच्या बायकांना गोळी मिळालीच नाही, त्यांचं काय?"

वहिनीने तो पेढा मोडून त्यांना भरवला.

आता रोज सकाळी समोरच्या खिडकीतून हाक येते, "गोळी घेतलीस का गो?" वहिनी म्हणते, "घेतली, काकू." तरी ती खिडकी लगेच बंद होत नाही.