उन्हात पारखलेलं लाल शेवाळ

आमचे घरमालक धर्मराजशेठ म्हात्रे यांच्या दारातून कुणी उपाशी परतला, असं पावणे गावात आजवर झालेलं नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पंप चालू करा म्हणून सांगायला मी खाली जातो आणि बोंबील-भाकरी खाऊन वर येतो. तक्रार आहे ती त्यांच्या हॉलमधल्या माशांच्या वतीने.

खाऱ्या पाण्याची ती मोठी काचेची टाकी मुळात त्यांच्या मुलीची, निशिगंधाची. समुद्रातले दगड, त्यांवर हलणारी जिवंत पोवळी आणि एक पिवळाधमक मासा, भारी तोऱ्यात फिरणारा. निशिगंधा महाप्याला कामावर गेली की टाकी शेठच्या ताब्यात. मग गॅसवाला येवो की कुरियरवाला, शेठ त्याच्या तळहातावर माशांचं खाद्य ठेवणारच.

"टाका, टाका. तुमच्या हातचं पन खातील."

घरात आलेल्याने खावं आणि खिलवावंही, हा त्यांचा धर्म. झालं काय, उरलेलं खाद्य तळाशी कुजलं, पाणी पिवळट पडलं, काचेवर बुळबुळीत थर आला आणि पोवळी रुसून मिटून बसली.

तेव्हा निशिगंधाचं लग्न ठरलेलं होतं, सासर करंजाड्याला. तिने बापाला सरळ बजावलं, "बाबा, हळदीपर्यंत पाणी स्वच्छ झालं नाही तर टाकी मी घेऊन जाणार. इथे ठेवली तर मासे लाडानेच मरतील."

एरवी गावभर मोठ्याने बोलणारा हा माणूस त्या दिवशी जेवला नाही. मला खरंच वाईट वाटलं.

उपाय शेवटी निशिगंधानेच काढला. पाण्यातली घाण शोषून वाढणारं समुद्री शेवाळ लावायचं. टाकी हॉलमध्ये, म्हणजे ते देखणंही हवं. रविवारी आम्ही तिघे वाशीच्या दुकानात गेलो. मला कशाला नेलं ते शेठच जाणोत.

दुकानात निळ्या दिव्यांखाली शेवाळं झुलत होती. शेठनी आधी हिरव्या मण्यांच्या घोसांवर बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, "हे फार पसरतं. पोवळ्यांवरसुद्धा चढतं."

"पसरू दे की! घर भरलेलं दिसंल," शेठ खूश. निशिगंधाने त्यांचा हात धरून बाजूला केला. पुढचं शेवाळ कडक चकत्यांच्या माळेसारखं होतं, सुबक, पण सावकाश वाढणारं. "आमच्या कारभाराला हे पुरनार नाय," शेठ प्रामाणिकपणे म्हणाले.

तिसरं काळपट, विस्कटलेलं. मी नाक मुरडलं. शेठनी मात्र ते पाण्यासकट पिशवीत घालून घेतलं आणि तडक दुकानाच्या दारात उन्हात नेलं. साडी घेताना त्यांच्या पत्नी सगुणावहिनी असंच करतात. दुकानातल्या दिव्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. उन्हात ते शेवाळ डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल निघालं. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

"हेच! पोरीच्या शालूचा रंग!" शेठ ओरडले.

"वाढतंही भराभर," दुकानदार म्हणाला, "पण तुमचा पिवळा मासा ते खाऊन टाकेल."

निशिगंधाने कपाळाला हात लावला. शेठचे डोळे लकाकले. "म्हंजे हे घान खातं, आनि मासा ह्याला खातो? मग पाव्हन्यांच्या हातावर हेच ठेवू की!"

निशिगंधा खळखळून हसली.

टाकीच्या एका कोपऱ्यात जाळी लावून, माशाचं तोंड पोचणार नाही असं ते शेवाळ वाढवलं. विकतचं खाद्य निशिगंधाने कपाटात कुलूपबंद केलं. आता येईल त्याच्या हातावर लाल शेवाळाचा छोटा तुरा. सकाळी उठून शेठ देवाआधी टाकीला हात जोडत आणि वहिनींची बोलणी खात. पाणी हळूहळू निवळलं. एके दिवशी पोवळी उघडली, तेव्हा ते चपला न घालताच मला सांगायला वर धावत आले.

हळदीला अख्खं गाव लोटलं. बॅण्ड वाजत होता, जो येई तो तुरा टाकत होता आणि पिवळा मासा सगळ्यांचा मान राखत होता. काच इतकी लख्ख की वहिनींनी तिच्यात बघून वेणी नीट केली.

हळदीने माखलेली निशिगंधा टाकीपाशी आली. "जिंकलात बाबा. टाकी तुमची."

मला वाटलं, आता हे नाचणार. ते हळूच म्हणाले, "माजी कशाला? तुजीच हाय. ती हितं राहिली म्हंजे माशांना बघायला तरी तू येशील, म्हनून तर..."

"टाकी नसती तरी आलेच असते हो, बाबा."

"मला काय म्हाईत?" शेठ म्हणाले.

तिने आपला हळदीचा गाल त्यांच्या गालावर घासला. शेठ हसत होते आणि दोन्ही हातांनी डोळे पुसत होते.