ओबदुलियासाठी काढलेला सिनेमा

एलादियो माझा मावसभाऊ. त्याने काढलेला एकही सिनेमा तुम्ही पाहिलेला नसणार. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आमच्या वाल्देपेन्यास गावच्या लोकांनीही अर्धेअधिक पाहिलेले नाहीत. मी त्याच्या सेटवर कपडेपट सांभाळायचे, म्हणून मला सगळे पाहावे लागले.

त्याचा बाप वाइन साठवायचे पुरुषभर उंचीचे मातीचे रांजण घडवायचा. घरात दोनच मुले. थोरली ओबदुलिया, धाकटा एलादियो. ओबदुलियाचे कान लहानपणीच तापात गेले. बोलणे राहिले, पण ते सपाट आणि चढ्या आवाजात, कारण आपण किती मोठ्याने बोलतोय हे तिला कळायचे नाही. समोरच्याचे ओठ मात्र ती धडाधड वाचायची. कुणी तोंडावर हात धरून कुजबुजले की ती सरळ विचारायची, "माझंच चाललंय ना?"

या बाईला सिनेमाचे वेड. आता आमच्याकडे परदेशी सिनेमा येतो तो स्पॅनिश आवाज चढवून. पडद्यावरचे ओठ बोलतात एक भाषा, ऐकू येते दुसरी. कान असलेल्यांना त्याचे काही वाटत नाही. ओबदुलियाला मात्र त्या ओठांतून काडीचेही कळायचे नाही. मग एलादियो शेजारी बसून ऐकायचा आणि तिच्याकडे तोंड करून गोष्ट सांगायचा. चुकले-हुकलेले पदरचे घालून. एकदा त्याने सांगताना मारून टाकलेला माणूस शेवटी बोहल्यावर उभा राहिला, तेव्हा तिने भर थेटरात त्याच्या थोबाडीत दिली होती.

मोठा झाल्यावर तो माद्रिदला गेला. आधी स्टुडिओत कॉफी पोचवली, मग सहायक झाला, मग दिग्दर्शक. अल्मेरियाच्या उजाड माळावर गोळीबाराचे सिनेमे निघत, तसले काढायचा. नायक इटलीचा, खलनायक जर्मन, घोडे आमचे. सेटवर आवाज घ्यायची पद्धतच नव्हती, तो मागाहून स्टुडिओत चढवायचे. त्यामुळे जो तो आपापल्या भाषेत बोलायचा आणि ज्याचे पाठांतर नसे तो खुशाल आकडे म्हणायचा. ओठ हलले म्हणजे झाले.

त्याचा पहिला सिनेमा गावात लागला, तेव्हा ओबदुलिया नवी शाल पांघरून पहिल्या रांगेत बसली. भावाचा सिनेमा, आपल्या भाषेतला, म्हणजे कळणारच. बाहेर आली तेव्हा तोंड उतरले होते.

"मरताना तो बायकोला काय म्हणाला रे?"

"मुलांना सांभाळ म्हणाला, ताई."

"खोटं बोलू नकोस. एकतीस, बत्तीस, तेहेतीस म्हणाला. मेंढ्या मोजत होता का मेला?"

आम्ही सगळे हसलो. ती नाही हसली, तोही नाही. म्हणाला, "एक तरी सिनेमा तुला कळेल असा काढीन."

बोलणे सोपे होते. त्याचा निर्माता फुल्हेन्सिओ, त्याला हे सांगितले तर म्हणतो, "बहिरे किती तिकिटं काढतात?" वर्षे गेली, घोडे म्हातारे झाले. शेवटी फुल्हेन्सिओ राजी झाला तो स्वस्तात पडते म्हणून. एक घर, दोन नट, घोडा एकही नाही. गोष्ट साधी. नवरा वाईट नाही, दारुडा नाही, फक्त वर्षानुवर्षे बायकोशी धड बोलत नाही. एक दिवस ती त्याला सोडून जाते. एलादियोने नट आपल्याकडचे घेतले. प्रत्येक शब्द म्हणायचा, चेहरा समोर ठेवून म्हणायचा. स्वतः कानात कापूस घालून कॅमेऱ्यामागे उभा राहायचा. ओठांवरून कळले नाही की पुन्हा. नटी म्हणाली, "याच्यापेक्षा घोड्यावर बसवलं असतं तर बरं झालं असतं."

सिनेमा सेन्सॉरच्या मंडळींपुढे गेला. बायको नवऱ्याला टाकते? आमच्या देशात? चालणार नाही. कापावे तर काही उरत नव्हते. मग त्यातल्याच एका शहाण्याने तोड काढली. नुसता आवाज बदला. नवऱ्याला भाऊ करा, आणि बाई निघाली आहे ती आजारी आत्याच्या सेवेला. फुल्हेन्सिओ खूश.

"त्यांच्या घरात पलंग एकच आहे, त्याचं काय?" मी विचारले.

"गरीब माणसं आहेत," तो म्हणाला.

एलादियो भांडला, हातापाया पडला, काही उपयोग झाला नाही. गावात सिनेमा लागला तेव्हा तो येईना. "ताईला काय तोंड दाखवू? तिच्यासाठी काढला आणि त्यात एक शब्द खरा ठेवला नाही लोकांनी." मीच त्याला ओढून आणले. रविवारची संध्याकाळ, थेटर भरलेले. तो मागे दाराच्या पडद्याशी उभा राहिला, अर्धा बाहेरच.

खेळ संपल्यावर पाद्री मेलितोनबुवा दारातच भेटले. त्यांनी एलादियोचा हात धरला. "शाबास. बहीण-भावाची माया दाखवावी तर अशी."

ओबदुलिया त्यांच्या ओठांकडे बघत होती. "कुठला भाऊ?" ती तिच्या त्या चढ्या आवाजात म्हणाली. "नवरा होता तो तिचा. ती कायमची गेली त्याला सोडून. बरं केलं."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्या शहाण्यांनी आवाज बदलला होता, ओठ कोण बदलणार? एलादियोने तर भिंतीलाच हात टेकला.

आमच्याकडे एकदा तिकीट काढले की संध्याकाळभर खेळामागून खेळ बघत बसता येते. बेकरीवाल्याची बायको प्रिस्का पहिल्यांदा मागे वळली आणि आत जाऊन बसली. मग बाकीच्या बायका, मग त्यांचे नवरे. पाद्रीबुवा हाका मारत राहिले. प्रिस्काने ओबदुलियाला शेजारी बसवले. "ती काय म्हणते, सांग आम्हाला."

ओबदुलिया सांगू लागली. कर्ण्यातून माद्रिदचा गोड आवाज आत्याच्या दम्याबद्दल बोलत होता. कुणीतरी ओरडले, "बंद करा ती आत्या." आवाज बंद झाला. मग नुसती ओबदुलिया. शेवटी बाई दाराशी आली आणि ओबदुलिया म्हणाली, "तू वाईट माणूस नाहीस, रामोन. मी इतकी वर्षं या घरात बोलत होते. तुला कधी ऐकू आलं नाही. कडी लावून घे." शेवटच्या शब्दांना तिचा आवाज फुटला. प्रिस्काचा नवरा मान खाली घालून बसला होता. मी रडत होते, सांगायला कसली लाज.

पुढे व्हायचे ते झाले. दुसऱ्या दिवशी सिनेमा उतरवला. फुल्हेन्सिओने एलादियोला कितीतरी दिवस दारात उभे केले नाही. नंतर पुन्हा तो अल्मेरियाचा माळ आणि ते आकडे. म्हातारा होऊन वारेपर्यंत त्याने तेच केले.

पण त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर कुणी उठेना. प्रिस्काने ओबदुलियाला विचारले, "मग ती गेली कुठं?"

ओबदुलिया मागे वळली. "एलादियो, कुठं गेली रे ती?"

तो दाराच्या पडद्याशी उभा होता. सगळे गाव त्याच्याकडे बघत होते, पाद्रीबुवासुद्धा. त्याने आवाज काढलाच नाही, फक्त ओठ हलवले. बराच वेळ बोलला. ओबदुलियाने मान डोलावली, डोळे पुसले आणि हसली. मी तिला पुढे किती वेळा खोदून विचारले, पण तिने कधी सांगितले नाही.