मावशीला साप चावलाच नव्हता

धाकटी बहीण पलूसला दिली होती. तिचं पोट फुगतंय, दोन घासांत भरतंय असं कळलं आणि मी साताऱ्याहून निघाले. तिथले डॉक्टर कित्येक महिने गॅसच्या गोळ्या देत होते. मी तिला सरळ मिरजेला नेलं. रक्त, सोनोग्राफी, डबा कुणी आणायचा, रात्री कुणी थांबायचं, सगळं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. अशी कामं मला जमतात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईच्या माहेरी कुणाला अंडाशयाचा, स्तनाचा कॅन्सर होता?" आई शेजारी होती, बहिणीचा नवरा मागे उभा होता. उत्तर मीच दिलं. "नाही. एकच मावशी होती, तिला ऐन तिशीत उसात साप चावला." आईनं मान डोलावली.

ऑपरेशन झालं, पण फार काही काढता आलं नाही. अंडाशयातल्या पेशी सुटून पोटातल्या पाण्याबरोबर सगळीकडे गेल्या होत्या, आतड्यांवर रुजल्या होत्या. बाईंनी मला बाजूला घेतलं. "पेशीतला बिघाड दुरुस्त करणारं एक जनुक असतं. काही घराण्यांत तेच बिघडलेलं येतं, आईकडून नाहीतर वडिलांकडून. मग हा रोग लवकर गाठतो. परदेशात त्याचा नुकताच शोध लागलाय, इथं तपासणी नाही. नात्यातलं कोण कशानं गेलं, एवढ्यावरच आम्ही अंदाज बांधतो. म्हणून परत विचारते, नक्की कुणी नाही?"

मी परत नाही म्हटलं.

दोन दिवसांनी उंब्रजची मामी बघायला आली. व्हरांड्यात बसता बसता आईला म्हणाली, "आवं वन्सं, थोरल्या वन्संचं पोट बी असंच नगाऱ्यागत झालं हुतं की."

"मामी, मावशीला साप चावला ना?"

"कुटला साप गं बाई! शेवटचं सा महिनं त्या अंथरुणावरनं उठल्या न्हाईत, उसात कवा जात्यात?"

"तुझं त्वांड लय चालतंय," आई तिच्यावर खेकसली.

मामी चहा आणते म्हणून उठली. मी आईला विचारलं, का?

"तुमची सोयरीक जुळवायची हुती. मानसं आजोळची चौकशी करत उंब्रजपतोर यायची. साप कुनालाबी चावतो. पोटातला रोग म्हटलं की मागारी फिरली असती."

"आणि आमची लग्नं झाल्यावर?"

"मग तुझी पोरगी हुती की."

"त्या दिवशी डॉक्टरांपुढं तरी?"

"तिचा नवरा मागं हुबा हुता."

माझ्या नावानं केलेली तजवीज होती ती, आणि मला सोडून सगळ्या उंब्रजला ठाऊक होती. मी उठले आणि बाईंना खरं ते सांगून आले. त्या चिडल्या नाहीत, फक्त माझं वय विचारलं.

बहीण वर्षभरात गेली. शेवटपर्यंत ती विचारत होती, मलाच का? आई उशाशी असायची; मी औषधाची वेळ झाली म्हणायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मी माझी दोन्ही अंडाशयं काढून घेतली. मुलीला आधी जवळ बसवून सगळं सांगितलं. आई दवाखान्यात आली, कपाळावर हात फिरवला. जाताना हळूच म्हणाली, "कुनी इचारलं तर अपेंडिक्स म्हन."

शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं तसं आधीच सांगून ठेवलं होतं.