पुरुषोत्तमरावांचा कापलेला कर

पुरुषोत्तमराव मिनीकॅब चालवायचे आणि त्यांची बायको मधुमती वेम्बलीच्या एका शाळेत किचनमध्ये काम करायची. नागपूरहून विलायतेत आलेलं जोडपं. मूलबाळ झालं नाही, पण पिनरला स्वतःचं छोटं घर झालं. मागच्या गार्डनमध्ये पुरुषोत्तमराव हौसेनं मेथी लावायचे.

नव्या गाडीसाठी त्यांनी कर्ज काढलं. बँकेतल्या माणसानं सोबत विमाही गळ्यात मारला. आजारी पडलात तर हप्ते आम्ही भरू, म्हणाला. पुढच्याच वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा कळलं की स्वतःचा धंदा असलेल्यांना तो विमा लागूच होत नाही. ऑपरेशनचे टाके सुकायच्या आत ते पुन्हा गाडीवर बसले. तरी हप्ते थकलेच. शेवटी घर विकून दोघं वेम्बलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आली. पुढे त्यांना गाडीही झेपेना.

"मीच मूर्ख. सही करण्याआधी विचारायला नको होतं?" ते म्हणायचे.

"अहो, समोरच्यानं सांगितलं ते खरं मानलंत. त्यात मूर्खपणा कसला?"

पण ते त्यांना कधी पटलं नाही. चारचौघांत बोलायचेही कमी झाले.

कित्येक वर्षांनी, तक्रारीची मुदत संपता संपता, त्यांनी बँकेकडे भरपाई मागितली. ती मिळाली. विमा चुकीचा विकला होता, असं बँकेनं कबूल केलं. ते वाक्य त्यांनी मधुमतीला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

"मधू, चूक त्यांची होती गं."

भरपाईवरच्या व्याजातून मात्र बँकेनं कर कापला होता. "मला कमाईच नाही, तर कर कसला? हाही परत मागतो," ते म्हणाले. आवाजात जुना जोर आला होता.

पुढच्याच वसंतात कोविड आला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मधुमतीला सोबत बसू दिलं नाही. नर्सनं त्यांच्या कानाशी फोन धरला, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "जेवलीस का?" मग धापा टाकत म्हणाले, "कराचं... मी आलो की बघू."

ते आले नाहीत. अंत्यविधीला मधुमती आणि पुतणी वरदा, दोघीच होत्या. त्याही दूर दूर ठेवलेल्या खुर्च्यांवर.

त्यानंतर मधुमतीनं त्या विषयाला हातच लावला नाही. केंब्रिजला अकाउंट्समध्ये काम करणारी वरदा एकदा राहायला आली आणि म्हणाली, "काकू, कापलेला कर चार वर्षांत परत मागितला नाही तर ते पैसे जातात. या वर्षी शेवटची संधी आहे."

दोघी कर परत मागायचा फॉर्म घेऊन टेबलाशी बसल्या.

"काकांची त्या वर्षाची कमाई?"

"काही नाही."

"मग शून्य लिहिते."

मधुमतीनं तिचा हात धरला. "शून्य नको गं. रोज दुपारी मला घ्यायला शाळेपाशी चालत यायचे. खालच्या आजींना दवाखान्यात न्यायचे. घरी गेल्यावर मला चहा करून द्यायचे."

"काकू, त्यासाठी इथे जागा नाही."

मधुमतीनं तिचा हात सोडला. मग म्हणाली, "लिही."

पैसे मिळाले. चेक 'कै. पुरुषोत्तम यांच्या वारसास' असा आला. तो भरायला ती इलिंग रोडवरून चालत बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीनं हसून विचारलं, "काही छान प्लॅन आहे का या पैशांचा?"

"माझे मिस्टर ठरवणार होते," मधुमती म्हणाली.

मुलीनं पावती पुढे सरकवली. मधुमती बाहेर आली आणि बस स्टॉपच्या बाकावर बसली. हाताशी फोन होता. कापलेलं परत मिळालं, एवढंच तिला सांगायचं होतं, आणि ज्याला सांगायचं तो माणूस नव्हता. एक बस आली, गेली. मग दुसरीही गेली. लोक उठत होते, बसत होते, आणि ती त्यांच्यामध्ये बसून, तोंडावर पदर न घेता, रडत राहिली.